पुराणातली वांगी अवकाशात

मागच्या अंकात मी जाता जाता लिहून गेले की यंदा आर्ट आणि अ‍ॅनिमेशन कॉलेजांच्या प्रदर्शनांत जिकडे बघावं तिकडे कवचकुंडलं घातलेले रोबो आणि मंगळावरचं कुरुक्षेत्रच दिसतंय, आणि यातलं निम्मं मला काही आवडलं नाही. झालं! मुलांचे प्रश्न आले, पालकांचे आले, एका आजींची तक्रार आली (ती नातवाच्या वडिलांनी टाइप करून पाठवलीय). सगळे प्रश्न घेणं शक्य नव्हतं म्हणून सारखे होते ते एकत्र केलेत आणि नावं मुद्दाम गाळलीत.

ताई, मी अ‍ॅनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. डिग्री फिल्मसाठी आयडिया अशी की हनुमान स्पेससूट घालून मंगळावर संजीवनी आणायला जातो. गाइड सर म्हणाले, "हे दरवर्षी कोणीतरी करतंच, पुढे काय?" खूप राग आला पण उत्तर पण सुचलं नाही. आयडिया बदलू का? — विद्यार्थिनी, कोल्हापूर

बदलू नकोस, पण सरांवर रागावू पण नकोस. तुझ्या फिल्ममधला स्पेससूट काढून घेतला आणि मंगळाच्या जागी हिमालय ठेवला तर गोष्टीत काय बदलतं? काहीच नाही ना, मग तो नुसता ड्रेस झाला, फॅन्सी ड्रेस स्पर्धेतला. सायन्स फिक्शन ड्रेसमध्ये नसतं गं, ते नियमात असतं. एक नियम बदलायचा आणि मग त्याचं जे काय होतं ते शेवटपर्यंत प्रामाणिकपणे बघत जायचं.

आणि मजा म्हणजे पुराणात हे आधीपासून भरलेलं आहे, आपण तिकडे त्या नजरेनं बघत नाही एवढंच. वर मागण्याच्या सगळ्या गोष्टी घे. हिरण्यकशिपू काय मागतो, माणसाकडून नको, जनावराकडून नको, दिवसा नको, रात्री नको, घरात नको, घराबाहेर नको, जमिनीवर नको, आकाशात नको, शस्त्रानं नको. कोडिंग करणाऱ्या कोणालाही हे वाचून हसू येईल, कारण बिचाऱ्यानं सगळ्या कंडिशन टाकल्या आणि तरी मधली फट राहिलीच, आणि त्याच फटीतून नरसिंह आला, संध्याकाळी, उंबरठ्यावर, मांडीवर घेऊन, नखांनी. कुठल्याही यंत्राला आपण सूचना देतो तेव्हा नेमकी हीच पंचाईत होते की नाही? मग तुला रोबोला मुकुट घालायची गरजच काय, प्रॉब्लेम आधीच दोघांचा एक आहे.

आता तुझा हनुमान. त्या गोष्टीतली सगळ्यात भारी जागा कुठली सांग. उड्डाण नाही. त्याला औषधी ओळखता येत नाही आणि सूर्योदयाच्या आत परत यायचंय म्हणून तो अख्खा डोंगरच उचलतो, ती! म्हणजे कामाची माहिती अर्धी दिली, वेळ कमी दिला आणि ताकद मात्र अफाट दिली. एका यानाला सँपल आणायला पाठवलं, त्याला नेमका कुठला दगड ते ठरवता येईना म्हणून ते सगळंच उचलून निघालं, आता ते पृथ्वीवर उतरणार कसं आणि जिथून उचललं तिथं मागे काय राहिलं, ही तुझी फिल्म आहे. यात स्पेससूट, शेपूट, गदा काही दाखवलं नाहीस तरी बघणाऱ्याला हनुमान दिसेल.

रेवतीची गोष्ट माहितीये का? भागवताच्या नवव्या स्कंधात आहे. ककुद्मी राजा मुलीसाठी स्थळ विचारायला तिला घेऊन थेट ब्रह्मदेवाकडे जातो, तिथं गंधर्वांचं गाणं चालू असतं म्हणून दोघं क्षणभर थांबतात, गाणं संपल्यावर राजा आपली यादी काढतो तर ब्रह्मदेव हसतो. म्हणतो, अरे तू मनात धरलेले सगळे केव्हाच गेले, त्यांची नातवंडं-पतवंडं पण गेली, खाली २७ चतुर्युगं उलटलीत. एक चतुर्युग ४३ लाख २० हजार वर्षांचं, म्हणजे गुणाकार कर, साडेअकरा कोटींच्या वर वर्षं, एका गाण्यात! मग दोघं खाली येतात तर ओळखीचं कोणी नाही आणि माणसंही लहान झालेली, रेवती सगळ्यांपेक्षा उंच. विष्णुपुराणात पुढे आहे की बलराम नांगराच्या टोकानं तिला खाली ओढून आपल्या उंचीची करतो आणि लग्न होतं. वेळ सगळीकडे सारखी चालत नाही हे आइन्स्टाइननंतर आपण गणितानं सांगू शकतो, प्रकाशाच्या ९९ टक्के वेगानं जाणाऱ्या यानात १ वर्ष गेलं तर पृथ्वीवर साधारण ७ वर्षं जातात. पण फिल्म गणितावर उभी राहत नाही, ती त्या मुलीवर उभी राहते जी बापाबरोबर स्थळ बघायला गेली आणि परत आली तेव्हा तिची भाषासुद्धा कोणाला येत नव्हती. तिला नांगरानं आपल्या मापाची करतात तेव्हा तिला काय वाटलं ते तिथं नाहीये. तिथं तुझं काम सुरू होतं.

आणखी एक. मराठीत हे कसं करायचं त्याचा धडा जयंत नारळीकरांनी देऊन ठेवलाय, "वामन परत न आला" मध्ये नाव अवताराचं आहे पण गोष्ट यंत्राची आहे. लहानशा रूपात येतो, थोडंसं मागतो आणि मग सगळंच व्यापतो, हा वामनाचा आकार तेवढा घेतलाय. कुठं छत्री नाही, कमंडलू नाही. असं जमलं पाहिजे.

माझं गाव लोणारजवळ आहे, पुण्यात बीएफए करतो. लोणार सरोवरावर कॉन्सेप्ट आर्टची सिरीज करायची आहे, लवणासुर म्हणजे एलियन असं काहीतरी. यात खरं सायन्स किती टाकू? — विद्यार्थी, पुणे

अरे वा, तुझ्या घराजवळच खजिना आहे आणि तू एलियनच्या मागे कुठं लागलास! आधी कागदाचे दोन भाग कर. एकीकडे लोक काय सांगतात ते लिही. लवणासुर जमिनीखालच्या खड्ड्यात लपून राहायचा, विष्णूनं दैत्यसूदन होऊन त्या खड्ड्याचं झाकण पायाच्या अंगठ्यानं उडवलं आणि त्याला मारलं, सरोवराचं पाणी म्हणजे त्याचं रक्त आणि मीठ म्हणजे त्याचं मांस. दैत्यसूदनाचं देऊळ गावात आहे, कमळजादेवी खाली काठावर, हे तुला मी काय सांगायचं.

दुसरीकडे भूशास्त्र काय सांगतं ते. साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, उल्का आदळून झालेलं, आणि तेही बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या कातळात जो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. प्रचंड धक्क्यानंच तयार होते अशी मॅस्केलिनाइट नावाची काच तिथं सापडली म्हणून आघाताची खात्री पटली, नाहीतर आधी बरेच जण त्याला ज्वालामुखीचंच तोंड समजायचे. चंद्रावर आणि मंगळावर पण बेसॉल्ट आहे त्यामुळे तिकडची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ तुझ्या गावाजवळ येतात. वयाबद्दल मतभेद आहेत, जुन्या मोजणीत ५० हजार वर्षांच्या आसपास यायचं, नंतरच्या आर्गॉन पद्धतीनं पावणेसहा लाख. पाणी खारट आणि चांगलंच अल्कलाइन. आणि जून २०२० मध्ये तेच पाणी गुलाबी झालं ते तू पाहिलं असशीलच. पुण्याच्याच आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं की खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला.

आता दोन्ही भाग शेजारी ठेव. झाकण उडालं, वरून काहीतरी आलं, आतला मेला, रक्त पाण्यात मिसळलं. आणि इकडे २०२० साली पाणी गुलाबी. तुला काही जोडायची गरजच पडत नाही, दोन्ही गोष्टी एकमेकींकडे बघतायत. माझं मत विचारशील तर लवणासुराला एलियन करू नकोस, ते हिरवे डोळे आणि लांब बोटं सगळ्यांची सारखीच येतात. लवणासुर म्हणजे ते मीठ आणि ते सूक्ष्मजीव असं धरून बघ. मारला गेलेला पण पाण्यात विरघळून राहिलेला, मोजता न येण्याइतके तुकडे झालेला आणि पाऊस कमी पडला, खारटपणा वाढला की परत जागा होणारा असुर! मायक्रोस्कोपखालचं जग रंगवायला मिळेल, तुझ्या वर्गात दुसऱ्या कोणाकडे ते नसेल.

सायन्स किती टाकू म्हणतोस, तर चित्रात एकही आकडा नको पण चित्र काढणाऱ्याला सगळे आकडे माहिती हवेत. विवराचा उतार, कड्यावरचे थर, काठची झाडी, पांढरी मिठाची रेघ, हे जागेवर बसून काढ, फोटोवरून नको. आणि हो, सरोवरात उतरून मीठ-बिठ, दगड-बिगड पिशवीत भरून आणू नकोस, ते अभयारण्य आहे आणि रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत पण आहे.

आमच्या मुलानं कॉलेजच्या प्रदर्शनासाठी विठ्ठलाचं चित्र काढलंय त्यात अर्धं शरीर यंत्राचं आहे. त्याच्या आजी, म्हणजे माझी आई, माळकरी आहेत. त्या दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. मुलगा म्हणतो हे आर्ट आहे. आम्ही मधल्यामध्ये. तुम्हीच सांगा. — एक वडील, नाशिक

दादा, दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे असं म्हणून मला सुटता आलं असतं, पण यात मी आजींच्या बाजूनं जास्त आहे. चित्रात देव आला म्हणून नाही. पुराणातला देव आणि देवघरातला देव यात आपल्याकडे फरक करतात. नरकासुर, शूर्पणखा, कर्ण, अश्वत्थामा, मयासुर यांच्याशी कितीही खेळा, फारसं कोणाला काही वाटत नाही. विठ्ठल ही नुसती गोष्टीतली व्यक्तिरेखा नाहीये, आजी त्याच्याशी रोज बोलतात. त्यांच्या माणसाला कोणीतरी विचारल्याशिवाय मशीनचे पाय लावले असं त्यांना वाटलं असणार.

पण मुलाला गप्प पण करू नका. पुराणकथा प्रत्येक काळात नवीन यंत्रातूनच सांगितल्या गेल्यात. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले, म्हणजे तुमच्याच जिल्ह्यातले, दादासाहेब फाळके काय करत होते? आधी वाटाण्याचं रोप कुंडीत कसं वाढतं त्याची फिल्म एकेक चित्र घेत केली, ती दाखवून भांडवल उभं केलं, आणि मग १९१३ साली पुराणातला राजा पडद्यावर आणला. १९१७ च्या "लंकादहन" मध्ये कॅमेऱ्याच्या करामतीनं मारुती उडवला. तेव्हाचं ते हायटेकच होतं आणि लोक देवळात आल्यासारखे बघायला आले.

चिरंजीवांना माझ्याकडून विचारा की विठ्ठलात यंत्र का? उत्तर "भारी दिसतं" असं आलं तर आजी जिंकल्या. पण समजा तो म्हणाला की "युगे अठ्ठावीस विटेवरी उभा" ही ओळ ऐकून मला एवढा काळ उभं राहणं म्हणजे काय ते दाखवायचं होतं, तर मग बोलणं होऊ शकतं. त्याला आजींजवळ बसवा आणि आजींनाच विचारायला सांगा, अठ्ठावीस युगं म्हणजे काय, तो थांबलाय कोणासाठी. बहुतेक त्याला मूर्ती न काढता नुसती वीट काढावीशी वाटेल, आजूबाजूचं सगळं बदलतंय, नदी सरकतेय, शहरं येतायत जातायत, वर आकाशातले तारेसुद्धा जागा बदलतायत आणि वीट तिथंच. त्या चित्रासमोर आजी पण उभ्या राहतील असं मला वाटतं. नाही राहिल्या तर नाही राहिल्या, पण बोलतील तरी.

ओरिजिनल महाभारतात जे लिहिलंय तेच दाखवलं पाहिजे ना? कमेंटमध्ये लोक लगेच चुका काढतात. — विद्यार्थी, संभाजीनगर

ओरिजिनल म्हणजे कुठलं रे? भांडारकर संस्थेनं पुण्यात शेकडो हस्तलिखितं एकमेकांशी ताडून चिकित्सक आवृत्ती केली, १९१९ ला काम सुरू झालं आणि १९६६ ला पुरं झालं, म्हणजे जवळजवळ अर्धं शतक. त्यात व्यास सांगतायत आणि गणपती लिहितोय हा प्रसंग मुख्य संहितेत ठेवलेला नाही. द्रौपदी मयसभेत "आंधळ्याचा मुलगा आंधळा" म्हणते ते वाक्य पण नाही. आता जा आणि कमेंट करणाऱ्यांना सांग, बघ काय होतं ते.

याचा अर्थ वाट्टेल ते कर असा नाही. एक तरी नीट मराठी भाषांतर मुळातून वाच, सीरियल बघून काम करू नकोस, आणि तू जिथं बदल केलास तिथं तो तुला माहिती असू दे. न कळत झालेला बदल ज्युरीला, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांना, लगेच दिसतो.

आमची कॅरेक्टर्स सगळी गेममधल्यासारखी नाहीतर जपानी अ‍ॅनिमेसारखीच येतात. सर म्हणतात "आपलं" काहीतरी आणा. आपलं म्हणजे काय नेमकं? वारली? — चौघांचा ग्रुप, मुंबई

वारली नको! म्हणजे वारली सुंदरच आहे, पण वर्तुळ-त्रिकोणाची माणसं काढली की झालं आपलं, ही जी सवय लागलीय ना सगळ्या ग्रुप प्रोजेक्टना, ती नको. शिवाय ती वारल्यांची आहे, पुराणातला राम त्यात घालायचा तर आधी त्यांच्या स्वतःच्या गोष्टी काय आहेत ते तरी विचारा.

तुम्हाला हवी ती गोष्ट कुडाळजवळ पिंगुळीत आहे. ठाकर समाजाची चित्रकथी. एकेका कथेची सुट्ट्या चित्रांची पोथी असते आणि कथा सांगणारा एकेक चित्र पुढे धरत, गात-बोलत रामायण-महाभारतातले प्रसंग सांगत जातो. हा स्टोरीबोर्डच झाला की, तोही आवाजासकट! चेहरे बाजूनं, डोळे मोठे, अंगात जोर असा की माणूस उभा असला तरी पळतोय असं वाटतं. तिथंच कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या सावलीच्या बाहुल्या पण आहेत. परशुराम गंगावणे यांना या कामासाठी २०२१ ची पद्मश्री मिळाली, घरच्या गोठ्यात त्यांनी म्युझियम उभं केलंय. पिंगुळीला जाता आलं नाही तर पुण्यात केळकर संग्रहालयात पैठणची चित्रकथीची चित्रं आहेत, ती तासभर बघा. चामड्याच्या बाहुलीचा हात कुठं जोडलाय, किती वळतो, ते स्केच करा आणि तसंच कटआउट रिग (तुकडे जोडून हलणारी बाहुली) करा, चाल आपोआप वेगळी येईल. उसन्या चालीवर आपला झगा चढवला म्हणून काही आपलं होत नाही.

एलियन हवा असेल तर दशावतारी नाटकातला संकासुर बघा. काळा वेश, डोक्यावर उंच टोक, लालभडक लांब जीभ, आणि वेद चोरून पळणारा. म्हणजे डेटा चोरणारा, अजून काय पाहिजे! कोकणात आणि गोव्यात रात्री देवळापुढे तो लोकांना घाबरवतो पण आणि हसवतो पण, हे दोन्ही एकदम करणारा व्हिलन गेममध्ये मला तरी फार दिसला नाही.

आणि यंत्राची बाजू पण इथलीच घ्या ना, दरवेळी ते निळे निऑन शहर कशाला? नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, द्राक्षाच्या आणि कांद्याच्या शेतांच्या मधोमध उभ्या. जाळीच्या आहेत, आरपार आकाश दिसतं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथं प्रदर्शन असतं, तेव्हा जाऊन स्केचबुक भरून आणा. आकाशवाणी ऐकायला बसलेल्या तीस ऋषींसारख्या त्या दिसतात, आता हे मी सांगितलं म्हणून तसंच काढू नका.

आमच्या फिल्ममध्ये शेवटी "हे सगळं आपल्या पूर्वजांकडे होतं, विमानशास्त्रात सिद्ध झालंय" अशी पाटी टाकायची आहे. चालेल का? — विद्यार्थी, नागपूर

नाही. "वैमानिक शास्त्र" हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संशोधकांनी १९७४ साली त्याचा अभ्यास करून सांगितलं की त्यातली विमानं उडूच शकत नाहीत. पाटी टाकलीस की फिल्म बाजूला राहते आणि भांडण सुरू होतं, शिवाय ते खोटं आहे. कल्पनेला पुराव्याचं सर्टिफिकेट कशाला लागतं मला कळत नाही.

तुला विमानाचंच वेड असेल तर उघड उघड कल्पना कर. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवलं असं सांगतात, त्याला भक्कम पुरावा नाही. पण समजा उडालं असतं तर? घोड्यांच्या ट्राम, रस्त्यावर गॅसचे दिवे, नुकतं बांधून झालेलं व्हीटी स्टेशन आणि वरून घरघरत जाणारं एक लाकडी यान, खाली माना वर करून बघणारी पगडीवाली माणसं. दुसऱ्या दिवशी सरकार काय करतं, गिरगावातले शेजारी काय म्हणतात. ही गोष्ट बघायला मी तिकीट काढीन.

चौघं आहोत, हातात तीन महिने, एकाचाच लॅपटॉप बरा आहे. टीमनं पाच मिनिटांचं समुद्रमंथन ठरवलंय, थ्रीडी. जमेल का? — विद्यार्थिनी, ठाणे

नाही जमणार गं. हिशोब करून बघ. सेकंदाला २४ फ्रेम, टूज वर (एक ड्रॉइंग दोन फ्रेम धरून) केलं तरी १२ ड्रॉइंग, म्हणजे टूडीमध्ये पाच मिनिटांची ३६०० ड्रॉइंग. थ्रीडीमध्ये ड्रॉइंग नसतात पण मॉडेल, रिग, टेक्श्चर, लाइट, आणि तुम्ही निवडलाय समुद्र, म्हणजे पाणी, म्हणजे सगळ्यात अवघड सिम्युलेशन, वर दोन्हीकडे देव-दानवांची गर्दी. तो बिचारा एक लॅपटॉप हलाहल पिऊन मरेल.

दीड मिनिटाची करा. आणि मंथन पूर्ण दाखवूच नका. मंथनाची गोष्ट कासवाच्या बाजूनं सांगा, पाठीवर डोंगर फिरतोय आणि खाली अंधार, वर काय चाललंय ते फक्त आवाजातून कळतं. एक कॅरेक्टर, एक जागा, आणि सगळा जोर साऊंडवर. पहिले तीन आठवडे नुसती स्केचेसची कच्ची फिल्म, म्हणजे अ‍ॅनिमॅटिक करा, फोनवर रेकॉर्ड केलेल्या कच्च्या आवाजासकट, ती ज्यांना गोष्ट माहिती नाही अशा चार जणांना दाखवा. ती चालली नाही तर पुढे रेंडर कितीही चकाचक करा, उपयोग शून्य.

सॉफ्टवेअरचं रडगाणं मात्र आता चालणार नाही. ब्लेंडर, क्रिता, ओपनटूंझ सगळं फुकट आहे, चोरीची व्हर्जनं टाकून व्हायरस घ्यायची गरज नाही. २०२५ चं ऑस्कर मिळालेली लॅटव्हियाची अ‍ॅनिमेशन फिल्म "फ्लो" ब्लेंडरमध्येच केलीय आणि रेंडर इव्ही या ब्लेंडरच्याच इंजिनात केलंय, जे साध्या मशीनवर पण त्यातल्या त्यात लवकर होतं. ब्लेंडरमधलं ग्रीस पेन्सिल शिका, टूडी आणि थ्रीडीच्या मधलं आहे, कासवाला शोभेल.

जुन्या पौराणिक सीरियलचं म्युझिक आणि राजा रविवर्म्याची चित्रं वापरली तर कॉपीराइट लागतो का? स्टुडंट फिल्म आहे, पैसे थोडेच कमवतोय. — विद्यार्थी, पणजी

रविवर्मा १९०६ साली गेले, आपल्याकडे कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, त्यामुळे चित्रं मोकळी आहेत. सीरियलचं म्युझिक नाही. कॉलेजात गाइडसमोर दाखवलंस तोवर एक वेळ ठीक, पण फेस्टिव्हलला पाठवताना फॉर्मवर लिहून द्यावं लागतं की हक्क तुमच्याकडे आहेत, तिथं अडकशील, आणि ऑनलाइन टाकलंस तर आवाजच बंद होईल.

यावर एक खरा किस्सा. नीना पेली नावाच्या अमेरिकन बाईनं सीतेच्या गोष्टीवर एकटीनं, घरच्या कॉम्प्युटरवर, पूर्ण लांबीची अ‍ॅनिमेशन फिल्म केली, २००८ मध्ये आली. त्यात सावलीच्या बाहुल्या बसून रामायणाबद्दल गप्पा मारतात, तपशिलांवरून एकमेकांशी वाद घालतात. पण त्यात १९२० च्या दशकातली जुनी गाणी होती आणि त्या गाण्यांच्या हक्कांसाठी तिला सुमारे ५० हजार डॉलर मोजावे लागले. नंतर वैतागून तिनं आपली फिल्मच सगळ्यांसाठी मोकळी करून टाकली. फिल्मवरून आपल्याकडे वाद पण झाले, तो वेगळा विषय, पण बाहुल्यांचा भाग अभ्यासासाठी जरूर बघ.

तू गोव्यात आहेस तर म्युझिकसाठी सीरियलकडे कशाला बघतोस? घुमट वाजवणारा कोणी मित्र असेलच, शिगम्याच्या मेळातला. त्याला स्टुडिओत ने, पैसे दे, नाव दे, लेखी परवानगी घे. अवकाशात घुमट कसं वाजेल हे कोणी ऐकलेलं नाही अजून. (अवकाशात आवाज जात नाही हे मला माहितीये, पत्र पाठवू नका. यानाच्या आत जातो.)

एआयनं बॅकग्राउंड केले तर मार्क कापतात का? आमच्या वर्गात सगळे करतात पण सांगत कोणी नाही. — नाव-गाव नको

कापतात की नाही ते तुझ्या कॉलेजच्या नियमावर आहे, आधी लेखी विचारून घे. पण ज्युरीला बसल्यावर मला काय दिसतं ते सांगते. पुराणाच्या विषयात एआय लगेच ओळखू येतं कारण त्याला सगळे देव एकाच जिममध्ये जाणारे वाटतात, सगळी देवळं सोन्याची आणि सगळा प्रकाश संध्याकाळचा. हेमाडपंती देवळाचा खांब कसा असतो ते त्याला धड माहिती नाही आणि तुलाही नसेल तर चूक पकडणार कोण? मग ज्युरीत मी विचारते की या खांबावर हे नक्षीचं काय आहे, आणि पोरं माझ्याकडे बघत बसतात.

वापरायचंच असेल तर सुरुवातीला वापर, मूड बघायला, आणि वापरलं हे लिही. फायनलला तुझ्या हाताचं. आणि काम चालू असताना कच्ची स्केचेस, लेयरच्या फायली, फेकून द्यावीशी वाटणारी ड्रॉइंग, सगळं तारखेसकट जपून ठेव, आयडीसी, एनआयडीसारखं डिझाइन कॉलेज असो की साधी नोकरीची मुलाखत, "हे कसं केलंस" हा प्रश्न येतोच आणि तेव्हा फायनल पोस्टरपेक्षा ती रद्दीच कामाला येते.

मुलगी सातवीत आहे, इथं अमेरिकेत वाढलेली. शाळेच्या आर्ट प्रोजेक्टसाठी तिला कॉमिक करायचंय, एखादी अशी मराठी गोष्ट सांगा ज्यात स्पेस पण येईल आणि जी तिच्या वर्गातल्या मुलांना पण कळेल. — एक आई, न्यू जर्सी

त्रिशंकू द्या तिला. विश्वामित्र त्याला सदेह स्वर्गात पाठवतो, इंद्र खाली ढकलतो, विश्वामित्र "थांब" म्हणतो आणि तो मध्येच उलटा लटकतो, मग त्याच्यासाठी विश्वामित्र नवे तारे करतो. गोष्ट मराठीच अशी नाही, सगळ्या भारताची आहे, पण घरात "आमचा त्रिशंकू झालाय" आपण म्हणतोच की. आणि सूर्य-पृथ्वीची ओढ आणि वस्तूचं फिरणं यांचा जिथं मेळ बसतो अशा जागा अवकाशात खरंच असतात, लॅग्रांज पॉइंट म्हणतात, जेम्स वेब दुर्बीण अशाच एका पॉइंटभोवती फिरतेय, पृथ्वीपासून साधारण १५ लाख किलोमीटरवर. त्रिशंकूला तिथं शेजारी मिळाला तर दोघं काय बोलतील, एवढं तिला विचारा आणि बाजूला व्हा. संवाद तिलाच लिहू द्या, इंग्रजीत लिहिले तरी चालतील. आणि झालं की मला नक्की पाठवा, फक्त शाळेत सबमिट केल्यावर पाठवा, आधी नको, नाहीतर मी सूचना देत बसेन.